थांबण्याचे श्रेय

गेल्या हिवाळ्यात आमच्या आत्याचे निधन झाले. तेराव्यानंतरच्या रविवारी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील एका लहानशा सभागृहात शोकसभा झाली. शिंदेशाहीबरोबर या बाजूला आलेल्या जुन्या घरांतील जी मंडळी अजून येथे टिकून आहेत, त्यांपैकी बहुतेक आली होती. तीन-चार भाषणे रीतीप्रमाणे झाली. मग आमच्या वडिलांचे बालमित्र असलेले एक वृद्ध डॉक्टर बोलावयास उभे राहिले. ते म्हणाले, ‘‘आईच्या पोटात बाळाचा हात तयार होतो तो आधी वल्ह्यासारखा चपटा असतो. बोटे त्यात असतात, पण सुटी नसतात. मग बोटांच्या मधल्या पेशी आपण होऊन मरतात आणि बोटे मोकळी होतात. त्या पेशी मरतात म्हणून आपल्याला लेखणी धरता येते, पेटी वाजवता येते. ताई या घराच्या बोटांमधली पेशी होती. ती थांबली, म्हणून बाकीचे हात-पाय हलवू शकले.’’

सभागृहात पुष्कळांचे डोळे पाणावले, माझेही. उपमा नवी होती, सुंदर होती आणि शास्त्रदृष्ट्या चुकीचीही नव्हती. कोंबडीच्या गर्भात बोटांमधल्या पेशी मरतात. बदकाच्या पायात त्या बऱ्याच अंशी मरत नाहीत, म्हणून बदकाला पोहण्यासाठी पडदा मिळतो. हे सारे खरे आहे. तरी घरी परतताना मनात काहीतरी सलत राहिले, आणि ते काय आहे हे कळावयास मला पुढचे काही महिने लागले.

आत्या १९५४ साली मॅट्रिक झाली. त्याच वर्षी आजी गेली. आत्याच्या पाठीवर चार भावंडे. सर्वांत धाकटे माझे वडील, तेव्हा सहा वर्षांचे. आत्याचे शिक्षण तेथे थांबले, पुढे लग्नही झाले नाही, आणि चारही भावंडे शिकून नोकऱ्यांना लागली. आमच्या पिढीतील जवळजवळ प्रत्येक मराठी घरात अशी एक आत्या, एक मोठा काका किंवा एक बालविधवा आजी असेच. तेव्हा ही कथा मी विस्ताराने सांगत नाही. प्रश्न एवढाच की, शरीरातल्या पेशीचे थांबणे आणि माणसाचे थांबणे ही एकाच जातीची गोष्ट आहे काय? शरीर आपल्याला नीती शिकवते काय? याचे उत्तर द्यावयाचे तर आधी पेशी कशी थांबते, हे उपमेचा मोह बाजूला ठेवून पाहिले पाहिजे.

गर्भ क्रमाक्रमाने घडतो हे आपल्याकडे फार पूर्वीपासून ठाऊक होते. गर्भोपनिषदात एका रात्रीचा कलल, सात रात्रींचा बुडबुडा, पंधरवड्याचा पिंड असा क्रम दिला आहे. त्या निरीक्षकांना दिसला तो आकारांचा क्रम. तो क्रम राखतो कोण, हे डोळ्यांना दिसण्यासारखे नव्हते. ते दिसू लागले गेल्या शंभरेक वर्षांत, आणि जे दिसले ते मला तरी अनपेक्षित वाटले.

आफ्रिकेतील झेनोपस नावाच्या बेडकाचे अंडे घ्या. त्याचा व्यास जेमतेम सव्वा मिलिमीटर. फलनानंतर दीडेक तासाने त्याचे दोन भाग होतात. त्यानंतर साधारण दर अर्ध्या तासाला सगळ्या पेशी एका तालात दुभंगत जातात: चार, आठ, सोळा, बत्तीस. बारा विभाजने झाली की चार हजारांवर पेशी होतात. गंमत अशी की, एवढ्या धामधुमीत गर्भ तसूभरही वाढत नाही. एकाच भाकरीचे लहान-लहान तुकडे होत जावेत तसा हा प्रकार असतो. आणि मग एकाएकी तो ताल मोडतो. विभाजने मंदावतात, पेशी आपापल्या वेगाने चालू लागतात, आणि गर्भाची स्वतःची जनुके मोठ्या प्रमाणावर जागी होतात. आतापर्यंत सारे चालले होते ते आईने अंड्यात भरून दिलेल्या शिदोरीवर.

बाराव्या विभाजनानंतर थबका, असे या पेशींना कोण सांगते? न्यूपोर्ट आणि कर्श्नर या दोघांनी १९८२ साली याचा छडा लावला. सांगणारा कोणी नाही. कोठीतले धान्य ठराविक आहे आणि खाणारी तोंडे मात्र दर पंगतीला दुप्पट होत आहेत, अशी ही स्थिती असते. अंड्यातील द्रव्य तेवढेच राहते. केंद्रकातील आनुवंशिक द्रव्य, म्हणजे डीएनए, प्रत्येक विभाजनागणिक दुप्पट होते. दोहोंचे प्रमाण एका मर्यादेला पोहोचले की ताल बदलतो. गुणसूत्रांचा अर्धाच संच असलेला गर्भ तयार केला तर ती मर्यादा गाठावयास त्याला एक विभाजन जास्त लागते, आणि तो ते खरोखरच जास्त करतो. मोजणारा नसताना झालेली ही मोजणी आहे. आपल्याला सवय आहे ती कर्त्या पुरुषाची, कारभाऱ्याची, निदान देवाची. येथे कारभारी शोधून सापडत नाही.

विभाजनाचे चक्र फिरते कशाने, हेही त्याच वर्षी उलगडू लागले. टिम हंट हे इंग्रज शास्त्रज्ञ अमेरिकेत वूड्स होल येथे समुद्री अर्चिनच्या अंड्यांवर काम करीत होते. त्यांना एक प्रथिन असे आढळले की, जे विभाजनापूर्वी साचत जाते आणि विभाजन होताच नाहीसे होते. पुन्हा साचते, पुन्हा नाहीसे होते. त्याला सायक्लिन हे नाव मिळाले. तिकडे पॉल नर्स यांनी एडिंबरोमध्ये यीस्टचे असे प्रकार हुडकले होते की जे पुरेसे वाढण्याआधीच दुभंगत आणि म्हणून खुजे राहत. विभाजनाला हिरवा कंदील दाखविणारे जनुक त्या मार्गाने हाती आले. १९८७ साली नर्स आणि मेलनी ली यांनी माणसाचे तेच जनुक यीस्टमध्ये घातले, तर ते तेथे बिनतक्रार काम करू लागले. शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वी ज्यांच्या वाटा फुटल्या त्या दोन जीवांचे हे कुलूप आणि किल्ली अजून जुळतात! लेलंड हार्टवेल यांनी तिसरी गोष्ट दाखविली. डीएनएला इजा झाली तर पेशी पुढे जात नाही, दुरुस्ती होईपर्यंत थांबून राहते. आणि ज्या यीस्टमध्ये असे थांबण्याचे जनुकच बिघडलेले असते, ते न थांबता पुढे जाते आणि मरते. या थांब्यांना त्यांनी तपासणी नाके म्हटले. जुन्या संस्थानी हद्दींवरील जकात नाके ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ही कल्पना वेगळी समजवावी लागणार नाही. या तिघांना २००१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

म्हणजे थांबण्याची यंत्रणा पेशीच्या आतच असते. पण पुरेशी वाढ झाली, आता थांबावे, हे तिला कळते कसे? येथे विषय अधिक रम्य होतो, आणि आमच्या डॉक्टरांच्या उपमेच्या जवळही येतो.

डोनाल्ड मेटकाफ या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने १९६३-६४च्या सुमारास उंदरांवर दोन साधे प्रयोग केले. एका उंदरात त्याने अर्भकावस्थेतील अनेक थायमस ग्रंथी बसविल्या. थायमस म्हणजे छातीतील, रोगप्रतिकारक पेशी घडविणारी ग्रंथी. प्रत्येक ग्रंथी आपापल्या पूर्ण आकाराला वाढली. शेजारी आणखी चार आहेत याची तिला दादच नव्हती. मग त्याने तसेच अनेक प्लीहा बसविल्या, ज्यांना आपण पांथरी म्हणतो. त्या मात्र प्रत्येकी लहानच राहिल्या, आणि सगळ्यांचे वजन एकत्र केले तर ते एका पूर्ण प्लीहेइतके भरले. एकच शरीर, एकच रक्त. पण एका इंद्रियाचे माप त्याच्या स्वतःत आहे आणि दुसऱ्याचे माप सर्वांत मिळून आहे. माझ्या मनात हे वाचताच आमच्या घरातील माणसे दोन रांगांत उभी राहिली, हे कबूल करतो. आमचे मोठे काका थायमसच्या रांगेत गेले आणि आत्या पांथरीच्या. पण हाच तो मोह.

यकृताचे उदाहरण सर्वांना माहीत असते. १९३१ साली हिगिन्स आणि अँडरसन यांनी दाखविले की, उंदराच्या यकृताचे दोन तृतीयांश काढून टाकले तरी आठवडा-दीड आठवड्यात ते मूळ वजनाच्या जवळ येते, आणि तेथे थांबते. वाढते याचेच आपण आश्चर्य करतो. खरे आश्चर्य ते थांबते याचे आहे. त्याहून विलक्षण म्हणजे गेरहार्ड फँकहाउझर यांनी १९४०च्या दशकात प्रिन्स्टन येथे अभ्यासलेले न्यूट. पालीसारखा दिसणारा हा उभयचर प्राणी. काही न्यूटमध्ये गुणसूत्रांचे संच नेहमीच्या दोनाऐवजी पाच असतात, आणि त्यामुळे त्यांच्या पेशी पुष्कळ मोठ्या असतात. मग प्राणीही मोठा व्हावा. तो होत नाही. मोठ्या पेशी संख्येने कमी राहतात आणि शरीर नेहमीच्याच मापाचे भरते. मूत्रनलिकेचा जो घेर एरवी अनेक पेशी मिळून करतात, तोच घेर येथे दोन-तीन धिप्पाड पेशी वाकून पुरा करतात. पेशींची संख्या महत्त्वाची नाही, घेर महत्त्वाचा. गर्भ जणू विटा मोजत नाही, भिंतीची लांबी मोजतो. ती कशी मोजली जाते याचे अनेक धागे आता हाती आले आहेत, पेशींमधील ताण आणि दाटी, शेजाऱ्यांकडून येणारी रासायनिक द्रव्ये, फळमाशीत सापडलेली आणि ‘हिप्पो’ हे विनोदी नाव मिळालेली जनुकांची साखळी. या साखळीत दोष आला की माशीचे अवयव पाणघोड्यासारखे फुगतात, म्हणून ते नाव.

येथवर पाहिले तर शरीर हे एक आदर्श एकत्र कुटुंब वाटते. हुकूम सोडणारा कोणी नाही, प्रत्येकाच्या ठायी संयम आहे, शेजाऱ्याची जाण आहे. येथे थांबलो असतो तर डॉक्टरांच्या भाषणाला मी आणखी दोन उपमा जोडून दिल्या असत्या.

पण मरणाऱ्या पेशींचे काय? त्यांच्याविषयी सर्वांत काटेकोर माहिती आहे ती एक मिलिमीटर लांबीच्या एका कृमीची. सीनोरॅब्डायटिस एलिगन्स हे त्याचे भले मोठे नाव. जॉन सल्स्टन यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून, तासन् तास बसून, त्याच्या प्रत्येक पेशीची वंशावळ लिहून काढली. गर्भावस्थेतील वंशावळ १९८३ साली पूर्ण झाली. या कृमीच्या उभयलिंगी प्रकारात १,०९० शरीरपेशी जन्मतात आणि त्यांतील १३१ मरतात, ९५९ उरतात. कोणती पेशी केव्हा मरणार हे प्रत्येक कृमीत जवळजवळ ठरलेले असते. आपल्याकडील कुलवृत्तान्तांत ‘निपुत्रिक’ किंवा ‘अल्पवयात वारले’ असे लिहून जी नावे संपतात, त्यांची मला या १३१ पेशींवरून आठवण झाली.

पुढे रॉबर्ट हॉर्विट्झ यांच्या प्रयोगशाळेत या मृत्यूची जनुके सापडली. १९८६ साली एलिस आणि हॉर्विट्झ यांनी प्रसिद्ध केले की, त्यांतील एखादे जनुक निकामी झाले तर त्या मरावयाच्या पेशी मरत नाहीत, जगतात. आणि या जास्तीच्या शंभरावर पेशी अंगात घेऊन तो कृमी काय करतो? तो जगतो, हिंडतो, त्याला पिल्ले होतात. प्रयोगशाळेत वरवर पाहता त्याचे फारसे काही बिघडत नाही.

या वाक्याशी मी बराच वेळ अडखळलो. त्या १३१ जणींच्या मरणावाचून शरीर उभेच राहिले नसते, असे आपण गृहीत धरतो. निदान या कृमीत तरी ते तसे नाही. सर्वच प्राण्यांना हे लागू पडत नाही, हेही लगेच सांगितले पाहिजे. उंदरात तशाच प्रकारची काही जनुके काढून टाकली तर मेंदूत पेशींची बेसुमार गर्दी होते आणि बहुतेक पिल्ले जन्माच्या आसपासच मरतात. तेव्हा काही मृत्यू अनिवार्य असतात आणि काही नुसते ठरून गेलेले असतात. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात. ठरून गेलेले ते अनिवार्य होते काय, हे विचारण्याचे धाडस कोणीतरी करून पाहीपर्यंत कळत नाही. १९५४ साली आमच्या घरात ते धाडस कोणी केले नाही. आजोबांना चांगली नोकरी होती. एक दूरची मावशी येऊन राहावयास तयार होती, असेही मी ऐकले आहे.

उपमेच्या सुंदरपणाला तडा देणारी आणखी एक गोष्ट आहे. १९७५ साली मोराता आणि रिपोल यांनी माद्रिदमध्ये फळमाशीच्या वाढत्या पंखात सावकाश वाढणाऱ्या काही पेशी नेहमीच्या पेशींच्या शेजारी राहू दिल्या. या सावकाश पेशी आजारी नसतात. सगळी माशीच तशा पेशींची असली तर ती उशिरा का होईना, पण पुरी वाढते. मात्र शेजारी वेगाने वाढणारे असले की त्या पंखातून पुसल्या जातात. पंख शेवटी योग्य मापाचाच होतो, सुबक होतो. त्याच्याकडे पाहून काय घडले याचा मागमूसही लागत नाही. शरीराच्या सुसंवादात हेही बसते. तेव्हा ज्याला शरीराकडून नीती शिकावयाची आहे त्याने हाही धडा घ्यावा लागेल, आणि तो घ्यावयास आपल्यापैकी कोणी तयार होईल असे मला वाटत नाही.

शरीराच्या दृष्टांतावर समाज उभा करण्याची हौस मात्र फार जुनी आहे. पुरुषसूक्तातील मुख, बाहू, मांड्या आणि पाय कोणाच्या वाट्याला आले आणि त्या वाटणीचे पुढे काय झाले, हे वाचकांना मी सांगावयास नको. रोममध्ये पोट आणि अवयव यांची गोष्ट सांगून मेनेनियस अग्रिप्पाने रुसून गेलेल्या सामान्य जनांना परत आणले, असे लिव्ही लिहितो. पण त्याच लिव्हीच्या इतिहासात हेही आहे की, ते जन नुसत्या गोष्टीवर परतले नाहीत, आपले स्वतःचे प्रतिनिधी नेमण्याचा हक्क पदरात पाडून परतले. शरीर हे पेशींचे राज्य आहे, हा दृष्टांत एकोणिसाव्या शतकात बर्लिनचे रुडोल्फ फिर्खो यांनी मांडला. ते उदारमतवादी, बिस्मार्कचे विरोधक. त्यांना शरीरात बरोबरीचे नागरिक दिसले. हेकेल यांना मात्र प्राण्यांच्या शरीरात राजेशाही दिसली. पेशी तीच. ज्याला जे राज्य हवे होते ते त्याला तिच्यात सापडले.

मग पेशीचे मरण हा त्याग आहे की नाही? मला वाटते, नाही. आणि त्याचे कारण भावनेत नसून गणितात आहे. शरीरातील सगळ्या पेशी एकाच फलित अंड्याच्या लेकी असतात. बोटांमधल्या पेशीत जो आनुवंशिक वारसा आहे तोच, अपवाद सोडल्यास, बीजकोशातील पेशीतही आहे. ती मेली तरी तिचे म्हणून जे काही होते ते सारेच्या सारे दुसरीकडून पुढे जाते. तिला गमावण्यासारखे निराळे काही नाही. प्रत्येक प्राणी पुन्हा एका पेशीपासून आरंभ करतो यातले मर्म हे आहे की, त्यामुळे घरात परके कोणी उरतच नाही.

परके असले तर काय होते, तेही पाहता येते. डिक्टिओस्टेलियम नावाची एक अमीबासारखी जीवजात मातीत राहते. एरवी तिच्या पेशी सुट्या फिरतात. अन्न संपले की हजारोंनी एकत्र येऊन एक इवलासा देठ आणि त्यावर बीजाणूंचा गोळा उभारतात. देठात जाणाऱ्या साधारण पंचमांश पेशी मरतात. वरच्या तरतात आणि दूर जातात. हे सारे एकाच कुळीचे असेल तर तक्रार नाही. पण येथे पेशी जन्माने एकत्र नसतात, जमून एकत्र येतात. म्हणून दोन कुळी मिसळू शकतात. जोन स्ट्रॅसमन आणि डेव्हिड क्वेलर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह २००० साली दाखविले की, अशा मिश्र मेळाव्यात काही कुळी देठाच्या वाट्याला कमी जातात आणि बीजाणूंच्या वाट्याला अधिक. म्हणजे दुसऱ्याच्या खांद्यावर चढून वर जातात.

माणसांचे घर गर्भासारखे नाही, ते या देठासारखे आहे. सख्खी भावंडेसुद्धा एकमेकांची निम्मीच असतात, आणि रक्ताचा हिशेब सोडला तर प्रत्येकाचे मन, हौस, उद्याचे चित्र हे सर्वस्वी त्याचे एकट्याचे असते. आत्याचे जे थांबले ते वडिलांच्या पदवीत पुढे गेले नाही. तिची इच्छा होती, ती कोणाच्याही दुसऱ्या शरीरात वाढली नाही. म्हणूनच तिने जे केले ते मोठे होते, आणि म्हणूनच तिला पेशी म्हणणे मला खटकले. ती पेशी असेल तर श्रेय कसले? पेशीला नाही म्हणता येत नाही. आणि श्रेय द्यावयाचे असेल तर तिला नाही म्हणता येत होते, तिला हवे असलेले काही वेगळे होते, हे आधी मान्य करावे लागते. ते मान्य केले की मग शोकसभेत बसलेल्या आम्हा सर्वांना दुसराही एक प्रश्न स्वतःला विचारावा लागतो. उपमेने तो टळला. कदाचित रडू आले ते त्या सुटकेनेही आले असेल.

थांबण्याविषयी लिहिताना न थांबणाऱ्यांविषयीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९५१ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे हेन्रिएटा लॅक्स नावाची एक कृष्णवर्णीय स्त्री गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने गेली. तिच्या गाठीतील पेशी जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पोहोचल्या आणि त्या आजतागायत जगभर वाढत आहेत. त्यांच्यात एका विषाणूने पेशीचे दोन मुख्य लगाम निकामी करून टाकलेले आहेत. याच गाय यांच्या प्रयोगशाळेत पेशीसंवर्धनाचे तंत्र शिकण्यासाठी पुण्याच्या कमल रणदिवे गेल्या होत्या. परत येऊन त्यांनी मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात भारतातील पहिली पेशीसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली, आणि १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. लॅक्स यांच्या पेशींनी लसी, औषधे, शेकडो शोध यांना हातभार लावला, हे उघड आहे. पण त्या पेशी घेताना लॅक्स यांना कोणी विचारले नव्हते. तो काळच तसा होता, असे म्हणतात, आणि ते खरेही आहे. तिच्या घरच्यांना ही गोष्ट कळली तीसुद्धा वीसेक वर्षांनी. उपकार केवढाही मोठा असो, ज्याच्याकडून तो झाला त्याला विचारले होते की नाही, हा प्रश्न त्याने पुसला जात नाही.

पेशीला विचारता येत नाही. शेजारच्या पेशी तिला रसायने पाठवितात, ती त्यांना प्रतिसाद देते. मार्टिन रॅफ यांनी १९९२ साली मांडले की, शरीरातील बहुतेक पेशींना जिवंत राहण्यासाठीसुद्धा इतर पेशींकडून सतत ‘जग’ असा निरोप यावा लागतो. तो बंद झाला की त्या मरतात. हा संवाद विलक्षण आहे, पण त्यात प्रश्नचिन्ह नाही. ते फक्त आपल्यापाशी आहे. मी एकदाच, तेही खूप उशिरा, तिला विचारले होते. दुपारची वेळ होती, ती गहू निवडत होती. ‘‘आत्या, तुला शिकायचं होतं ना गं?’’ तिने वर न पाहता म्हटले, ‘‘होतं की. पण तेव्हा कुणी विचारलंच नाही रे. विचारलं असतं तर मी हेच केलं असतं बहुधा.’’ मग थोड्या वेळाने, ‘‘बहुधा हं.’’

त्या ‘बहुधा’मध्ये तिचे सारे स्वातंत्र्य होते, आणि ते आम्ही तिला कधी वापरू दिले नव्हते.

गेल्या महिन्यात डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांना कृमीच्या त्या १३१ पेशींविषयी आणि न मरता जगलेल्या कृमीविषयी सांगितले. ते वाचलेले होतेच त्यांचे. पण त्याचा असा अर्थ लावावा असे त्यांना सुचले नव्हते. बराच वेळ ते गप्प बसले. मग म्हणाले, ‘‘अरे, पण मग मी काय बोलायला हवं होतं? चार माणसांत, तिच्या फोटोसमोर?’’

मला तेव्हा उत्तर देता आले नाही. घरी आल्यावर आत्याची पत्र्याची ट्रंक पुन्हा उघडली. मॅट्रिकच्या प्रमाणपत्राखाली, चौघडी घातलेला, मुलींच्या कॉलेजातील प्रवेशाचा अर्ज आहे. विषयांच्या रकान्यात संस्कृत, तर्कशास्त्र आणि इंग्रजी असे स्वच्छ अक्षरात लिहिले आहे. पालकाच्या सहीची जागा कोरी आहे. डॉक्टरांनी हे सांगावयास हवे होते. अर्थात, त्यांना ते ठाऊक नव्हते; ट्रंक आमच्या घरात होती.